टालिनचे नाटकघर आणि इताबाई

टालिन शहराच्या मधोमध दोन नाटकगृहे शेजारी शेजारी उभी आहेत. एकाच वाड्यात नांदणाऱ्या दोन जावा बोलत नसल्या तरी एकमेकींच्या हालचालीवर लक्ष ठेवून असतात ना, अगदी तशी! त्यांतली अंगाने थोराड ती 'एस्टोनिया'. १९१३ साली बांधलेली. तिथे संगीतिका आणि बॅले चालतात. दुसरी वयाने तीन वर्षांनी वडील, पण चणीने लहान. तिचे नाव ड्रामा थिएटर, म्हणजे निव्वळ गद्य नाटकाचे घर. मी सांगणार आहे ती या दुसऱ्या घराची, आणि त्या घराशी सत्तर वर्षे बांधलेल्या एका नटीची हकिकत.

'एस्टोनिया' हे नाव ऐकून तुमच्या कपाळाला आठी पडली असेल तर नवल नाही. २०२४ च्या दिवाळीच्या सुटीत मी तिकडे निघाले, तेव्हा आमच्या स्टाफरूममध्येही हेच झाले. भूगोलाच्या बाईंनी नकाशा काढला, तेव्हा कुठे चार जणांचे समाधान झाले. उत्तरेला खाडीपलीकडे फिनलंड, पूर्वेला रशिया, दक्षिणेला लाटविया, आणि मध्ये हा चिमुकला देश. लोकसंख्या साऱ्या देशाची मिळून चौदा लाखांच्या आत. २०११ च्या खानेसुमारीत आपले एकटे नाशिक शहर याहून मोठे भरले होते! माझा भाचा नोकरीनिमित्त टालिनमध्ये आहे. "मावशी, एकदा येऊन तर जा, थंडी सोडली तर सगळं छान आहे," असे तो दोन वर्षे म्हणत होता. थंडी सोडता येत नाही हे तिथे गेल्यावर कळते, पण ते असो.

पेशाने मी मराठीची प्राध्यापिका. त्यामुळे परक्या गावी पाऊल ठेवले की मी आधी तिथली भाषा ऐकते, मग देऊळ-चर्च-किल्ला पाहते. एस्टोनियन भाषा कानाला मोठी मजेदार लागते. भेटल्यावर म्हणायचे, 'तेरे!' विमानतळावर एक धिप्पाड अधिकारी गंभीर चेहऱ्याने 'तेरे' म्हणाला, तेव्हा 'मेरे' म्हणण्याचा मोह मी मोठ्या कष्टाने आवरला. या भाषेचे आणि आपले काही नाते नाही. इंग्रजी, जर्मन, रशियन या निदान संस्कृतच्या चुलत घराण्यातल्या तरी आहेत. एस्टोनियन त्या गोतावळ्यातच नाही. तिची जवळची बहीण फिनिश आणि दूरची नातलग हंगेरियन. तिला विभक्ती चौदा आहेत आणि लिंग मात्र मुळीच नाही. 'तो' आणि 'ती' या दोघांना मिळून एकच शब्द, 'तेमा'. क्रियापदाला भविष्यकाळाचे वेगळे रूप नाही. नटाला म्हणतात 'नॅइत्लेया', आणि तो शब्द 'दाखवणे' या अर्थाच्या धातूच्या कुळातला. म्हणजे नट तो, जो दाखवतो. आपला 'अभिनय' हा 'नी' म्हणजे 'नेणे' या धातूपासून आलेला. ते दाखवतात, आपण प्रेक्षकांपर्यंत नेतो. दोन भाषांचे कूळ वेगळे, पण नटाचे काम दोघींनीही चांगले ओळखलेले दिसते.

भाचा एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी वरच्या मजल्यावर राहतो. बाई निवृत्त शिक्षिका, पंच्याहत्तरीच्या पुढच्या, ताठ. इंग्रजी मोजकेच बोलतात. त्यापुढचे दुभाष्याचे काम भाचा करी. त्या वर्षी आपला दिवाळी पाडवा २ नोव्हेंबरला आला होता, आणि योगायोग असा, की त्याच दिवशी त्यांच्याकडे 'आत्म्यांचा दिवस' असतो. साडेचारच्या आत अंधार पडतो, आणि गेलेल्या माणसांच्या आठवणीसाठी घरोघर खिडकीत मेणबत्त्या लागतात. मी मुंबईहून नेलेल्या दोन पणत्या वरच्या खिडकीत लावल्या आणि खाली आले, तर बाई आपल्या खिडकीत मेणबत्त्या मांडत होत्या. एक आईची, एक यजमानांची, एक भावाची. चौथी लावताना त्या म्हणाल्या, "ही इताची."

"इता कोण? बहीण का?" मी विचारले.

बाई हसल्या. "नाही. ती नटी होती. माझी तिची ओळखसुद्धा नव्हती."

ज्या नटीशी ओळख नाही, तिच्यासाठी घरच्या माणसांच्या रांगेत दिवा! माझे कुतूहल तिथेच जागे झाले, आणि पुढचे आठ दिवस किल्ले आणि चर्च बाजूला पडले.

इता एवर ही एस्टोनियाची फार मोठी अभिनेत्री. पण तिची गोष्ट समजायची तर तिच्या नाटकघराची गोष्ट आधी समजली पाहिजे.

कित्येक शतके या देशात जमीन जर्मन सरदारांची, अंमल कधी स्वीडनचा, कधी रशियाच्या झारचा, आणि एस्टोनियन भाषा शेतकऱ्यांची आणि घरगड्यांची. शिकलेल्या माणसाने जर्मन बोलावे, ही रीत. अशा भाषेत पहिले नाटक लिहून रंगभूमीवर आणले ते एका तरुण बाईने. तिचे नाव लिदिया कोइदुला. १८७० च्या जून महिन्यात, तार्तू गावच्या 'वानेमुइने' या गायनसंस्थेत तो प्रयोग झाला. गंमत पाहा, या कोइदुलाबाईंचा जन्म १८४३ चा. म्हणजे सांगलीला विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, त्याच वर्षीचा! पुढे १९०६ साली तार्तू आणि टालिन या दोन्ही गावी धंदेवाईक एस्टोनियन रंगभूमी सुरू झाली.

मी म्हणते ते ड्रामा थिएटर १९१० साली उभे राहिले, पण एस्टोनियन लोकांसाठी नव्हे. ते बांधले होते टालिनच्या जर्मन मंडळींनी, आपल्या जर्मन नाटकांसाठी. १९१८ साली एस्टोनिया स्वतंत्र झाला. १९२० साली टालिनमध्ये नाट्यशिक्षणाची एक शाळा निघाली, आणि त्या शाळेच्या मुलांनी १९२४ साली आपली नाटकमंडळी काढली. १९३९ साली हिटलरच्या बोलावण्यावरून जर्मन लोक देश सोडून निघाले, आणि घरगड्यांच्या भाषेतले नाटक मालकांच्या नाटकगृहात हक्काने राहायला आले.

हे सुख किती दिवसांचे? १९४० साली रशियन फौजा आल्या आणि देश सोव्हिएत संघात गेला. १९४१ साली जर्मन आले. १९४४ साली पुन्हा रशियन. त्या वर्षी ९ मार्चला रशियन विमानांनी टालिनवर बाँब टाकले, त्यात शेजारची 'एस्टोनिया' जळून गेली. ती पुन्हा उभी राहायला १९४७ साल उजाडले.

इताचा जन्म १ एप्रिल १९३१ चा, पाइदे नावाच्या लहानशा गावातला. नवव्या वर्षी तिने एक राज्य बुडताना पाहिले, दहाव्या वर्षी दुसरे आणि तेराव्या वर्षी तिसरे. १९४९ च्या मार्चमध्ये अवघ्या चार दिवसांत या इवल्याशा देशातली वीस हजारांहून अधिक माणसे घरातून उचलून सैबेरियाकडे रवाना करण्यात आली. त्यांत बायका आणि मुलेच अधिक होती. अशा काळात ही मुलगी अभिनय शिकायला गेली ती थेट मॉस्कोला, तिथल्या 'गीतिस' या नामांकित नाट्यसंस्थेत. १९५३ साली ती शिक्षण पुरे करून टालिनला परतली आणि ड्रामा थिएटरमध्ये रुजू झाली.

त्या वेळी त्या घराच्या दारावरची पाटी बदललेली होती. पूर्वीचे नाव 'एस्टोनियन ड्रामा थिएटर'. १९५२ पासून ते झाले 'व्हिक्टर किंगिसेप यांच्या नावाचे टालिन राज्य नाट्यगृह'. हे किंगिसेप म्हणजे एक कम्युनिस्ट पुढारी. नावात सगळे काही आले, फक्त 'एस्टोनियन' हा शब्द गेला!

मी आमच्या घरमालकीणबाईंना विचारले, "मग तुम्हाला काय वाटायचं?"

त्या म्हणाल्या, "पाटी बाहेर होती. आम्ही आत जाऊन बसत होतो."

आत काय होते? आत एस्टोनियन भाषा होती. वरच्या कचेऱ्यांतून येणारे कागद रशियन, कारखान्यांत बाहेरून आणलेले कामगार रशियन. १९३४ साली देशात शंभरातली अठ्ठ्याऐंशी माणसे एस्टोनियन होती. १९८९ पर्यंत ती साडेएकसष्टांवर आली. आपल्याच गावच्या दुकानात आपल्या भाषेला उत्तर मिळेल की नाही, याची शाश्वती राहिली नाही. पण संध्याकाळी नाटकगृहातले दिवे मंदावले, की दोन-अडीच तास नुसती आपली भाषा कानावर पडायची, आणि तीसुद्धा भाषणातली कोरडी नव्हे. भांडणातली, प्रेमातली, थट्टेतली. बाई म्हणाल्या, "नाटक शंभर वर्षांपूर्वीचं असायचं, कधी परदेशातलं असायचं. पण एखाद्या वाक्यापाशी इता एवढीशी थांबायची, आणि सगळ्या प्रेक्षागृहाला कळायचं. ते थांबणं कागदावर नसायचं, मग तपासणाऱ्याला कसं सापडणार?"

हे वाक्य मी माझ्या वहीत लिहून ठेवले आहे. नाटकाची संहिता सरकारी टेबलावरून तपासून येई. तपासता येत नसे ती नटीच्या श्वासाची जागा.

इताबाईंच्या पिढीला अभिनय शिकायला मॉस्को गाठावे लागले. पुढच्यांना ती पाळी फारशी आली नाही, कारण १९५७ साली वोल्देमार पान्सो या दिग्दर्शकाने टालिनच्या संगीत महाविद्यालयातच नाट्यविभाग सुरू केला. हेच पान्सो १९७० पासून काही वर्षे ड्रामा थिएटरचे प्रमुख दिग्दर्शक होते. इताबाईंचे लग्न झाले ते एइनो बास्किन या विनोदी नटाशी. त्यांचा मुलगा रोमान हाही पुढे नट आणि दिग्दर्शक झाला. म्हणजे घर तेही नाटकाचेच.

आता बोलपटांकडे वळू. एस्टोनियन मुलांना इताबाई माहीत आहेत त्या जंगलातली चेटकीण म्हणून! १९८१ चा 'नुकित्समेस' हा मुलांचा चित्रपट, ओस्कार लुत्स या लेखकाच्या गोष्टीवरचा. रानात वाट चुकलेली दोन भावंडे, त्यांना पकडून कामाला जुंपणारी चेटकीण, आणि तिचे शिंगे असलेले पोर. आमच्या बाईंच्या मुलाने लहानपणी तो पाहिला आणि आठ दिवस एकट्याने अंगणात जायचे नाव काढले नाही, असे त्या मोठ्या कौतुकाने सांगत होत्या.

आणि दोनच वर्षांनी, १९८३ साली, याच चेटकिणीची झाली एक सोज्वळ इंग्रज आजीबाई! मॉस्कोच्या मॉसफिल्मने अगाथा ख्रिस्तीच्या एका कादंबरीवर 'काळ्या पाखरांचे रहस्य' असा बोलपट काढला. त्यात विणकाम करता करता खुनाचा छडा लावणारी मिस मार्पल कोणी करावी? दिग्दर्शक वादिम देर्बेन्योव यांनी निवड केली टालिनच्या इता एवरची. त्यामागे एक रीतही होती. सोव्हिएत चित्रपटात परदेशी माणूस दाखवायचा असला, की बाल्टिक देशांतले नट बोलवायचे, आणि पश्चिमेकडची गल्ली दाखवायची असली, की टालिन किंवा रिगाच्या जुन्या पेठेत कॅमेरा लावायचा. रशियन प्रेक्षकाला ही मंडळी अर्धी परदेशीच वाटत! त्यामुळे घडले असे, की लेनिनग्राडपासून व्लादिवोस्तोकपर्यंत कोट्यवधी लोकांना इताबाई माहीत झाल्या त्या इंग्रज बाई म्हणून, रशियन बोलपटातल्या. त्या मुळात कोणत्या भाषेच्या, हे विचारायचे कारण कोणाला पडले असेल?

एवढी मोठी बाजारपेठ समोर असताना बाई राहिल्या मात्र टालिनच्याच नाटकघरात, दहा-अकरा लाखांच्या भाषेत.

एका सकाळी भाच्याला घेऊन मी त्यांचे गाव पाहायला निघाले. पाइदे टालिनपासून नव्वदेक किलोमीटर. बसने दीड तास लागतो. वाटेत सपाट शेते, बर्चची झाडे, आणि आभाळ इतके खाली की हात लावावा. गावाचे नाव तिथल्या चुनखडीच्या दगडावरून पडलेले. जर्मन लोक याला 'पांढरा दगड' अशा अर्थाच्या नावाने ओळखत. गावाच्या मधल्या टेकडीवर किल्ल्याचे अवशेष आहेत आणि त्यांत एक उंच अष्टकोनी बुरूज. १३४३ सालच्या बंडात शेतकऱ्यांनी निवडलेल्या चार 'राजां'ना जर्मन सरदारांनी बोलणी करायला म्हणून याच किल्ल्यात बोलावले आणि मारून टाकले. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात शोभावा असा प्रसंग!

तो बुरूज मात्र आज दिसतो तो जुना नव्हे. १९४१ साली माघार घेणाऱ्या रशियन फौजांनी तो सुरुंग लावून उडवला. इता तेव्हा दहा वर्षांची होती. बावन्न वर्षे टेकडीवर नुसता ढिगारा पडून होता. देश पुन्हा स्वतंत्र झाल्यावर, १९९३ साली, तो बुरूज होता तसा बांधून काढला.

त्या बुरुजाखाली गार वाऱ्यात उभी असताना मला घरमालकीणबाईंच्या चौथ्या मेणबत्तीचा अर्थ लागला. दगड थांबू शकतो. त्याला पन्नास वर्षे ढिगाऱ्यात ठेवा, नंतर गवंडी बोलवा, नकाशा काढा, बुरूज पुन्हा उभा राहतो. भाषेचे तसे नाही. पन्नास वर्षे मिटून ठेवलेली भाषा उघडून पाहिली तर हाती पुस्तके लागतील, बोलणारी माणसे लागणार नाहीत. ती रोज कोणीतरी बोलावी लागते; आणि नुसती भाजीबाजारापुरती नव्हे, तर माणसाला बोलता येईल ते सगळे तिच्यात बोलावे लागते. नटी हेच करते. कोणी म्हातारी, कोणी राणी, कोणी मोलकरीण होऊन ती ज्या त्या बाईचे बोलणे आपल्या भाषेत करून दाखवते. इताबाईंनी १९५३ पासून हे केले. १९८९ साली पाटीवरचे नाव पुन्हा 'एस्टोनियन ड्रामा थिएटर' झाले, तेव्हा आत भाषा होतीच. बाहेरची पाटी तेवढी तिच्याकडे परत आली. २० ऑगस्ट १९९१ ला देशही परत आला.

२००६ साली मुलाच्या, रोमानच्या, दिग्दर्शनाखाली त्यांनी 'म्हाताऱ्या बाईंची भेट' हे ड्यूरेनमाटचे नाटक पडद्यासाठी केले. गरीब म्हणून गावाने हाकलून दिलेली मुलगी म्हातारपणी अफाट श्रीमंत होऊन परत येते आणि सगळ्या गावालाच विकत घ्यायला निघते, ती ही भूमिका. २०१८ साली रोमान गेला. आईच्या वाट्याला मुलाचे दुःख आले. ९ ऑगस्ट २०२३ रोजी, ब्याण्णव वर्षांच्या होऊन इताबाई गेल्या.

परतायच्या आदल्या दिवशी मी ड्रामा थिएटरात नाटक पाहिले. "मावशी, एक अक्षर कळणार नाही," भाच्याने बजावले. मी म्हटले, "अरे, किती मराठी मुलं माझ्या तासाला याच तयारीनं बसतात!" दारातच कोट उतरवून द्यायचे. कित्येक बायका पिशवीतून दुसरे बूट काढून पायात घालतात. चिखलाचे बूट घालून नाटकाला बसायचे नाही. देवळाच्या पायरीशी चप्पल काढावी, तशी ही रीत मला वाटली. प्रेक्षागृह आटोपशीर आणि बहुतेक खुर्च्या भरलेल्या. २०१९ साली या देशात वर्षभरात नाटकांना मिळून दहा लाखांवर प्रेक्षक आले होते. म्हणजे तान्ही मुले वगळली, तर जवळजवळ माणशी एक नाटक!

नाटक घरगुती होते. एक जेवणाचे टेबल, एक म्हातारा बाप आणि वाटणीवरून भांडणारी मुले. शब्द कळले नाहीत, पण भाऊ बहिणीला टोमणा कधी मारतो ते कळले. माझ्या शेजारी एक दहा वर्षांची मुलगी आजीबरोबर आली होती. टोमणा पडला की ती माझ्या आधी हसे. तो क्षणभराचा फरक मला फार जाणवला. तेवढ्या अंतरात तिची भाषा होती.

घरी परतताना भाचा म्हणाला, "मावशी, इथं कायमचं राहायचं तर भाषेची परीक्षा द्यावी लागते. मी चौदा विभक्ती पाठ केल्या." आणि जरा थांबून म्हणाला, "आपल्याला किती असतात गं?"

हा मुलगा पुण्यात वाढलेला. २०११ च्या खानेसुमारीत आठ कोटी तीस लाख माणसांनी आपली मातृभाषा मराठी म्हणून लिहवली, त्यांतला तो एक. मी त्याला प्रथमेपासून संबोधनापर्यंत आठही सांगितल्या. बर्फाळ फुटपाथवर 'रामाने, रामाशी, रामाला' असे आम्ही दोघे चालत होतो. आपल्या भाषेच्या पाटीला कोणी हात लावलेला नाही, आपल्यावर कोणाची फौज आलेली नाही. आपल्याला फक्त आत जाऊन बसायचे आहे, आणि येताना मुलांना बरोबर आणायचे आहे. तेवढ्यालाच आपल्याला सवड होत नाही.

सुटी संपल्यावर ही सारी हकिकत मी वर्गात सांगितली. बाके पूर्वीसारखी भरत नाहीत, पण जी मुले येतात ती ऐकतात. मागच्या बाकावरची एक चुणचुणीत मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, एवढ्या गाजल्या होत्या, तर त्या मोठ्या भाषेत का नाही गेल्या?"

मी म्हटले, "गेल्या होत्या की! जाऊन मिस मार्पल करून आल्या. पण संध्याकाळी घरी प्रयोग असायचा ना!"